तक्ता

बाहेर पिनांगचं ऊन डांबर वितळवायचं,
आत आम्ही स्वेटर घालून बसायचो.
ती थंडी आमच्यासाठी नव्हती,
यंत्रांना घाम येऊ नये म्हणून होती.

मायक्रोस्कोपच्या दोन नळ्यांना दोन डोळे टेकले
की जग संपायचं. उरायचा एक चौकोन,
तिळाएवढा,
पण त्याच्या पोटात गल्ल्या, चौक, बोळ,
आणि माणूस एकही नाही.
केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी सोन्याची तार
इकडून उचलायची, तिकडे टेकवायची.
एका चिपला चौदा टाके. दिवसाला आठशे चिप.
रोहायू म्हणायची, एवढं सोनं हाताखालून गेलं
आणि कानात बघ, प्लास्टिकचे डूल.

डोळ्यात तेल घालून काम करा,
बहारिन सुपरवायझर रोज सांगायचे.
आम्ही थेंब घालायचो. कंपनीच्या दवाखान्यातले,
निळ्या झाकणाचे, फुकट.

शिफ्ट सुटली तरी डोळे लगेच सुटायचे नाहीत.
बसचा नंबर दोनदा दिसायचा.
बटरवर्थच्या फेरीला दोन धुराडी, दिव्यांना कडी,
आणि समुद्र म्हणजे कुणीतरी
पुसायचा विसरलेला फळा.
घरी तांदूळ निवडून दिले की आई म्हणायची,
खडे राहतात गं हल्ली.
आठशे चिपांमधले दोष शोधणारी मी.
मी काही बोलायचे नाही.

सिऊ केंगने चष्मा केला, चोरून, जेलुटाँगच्या दुकानात.
गेटपाशी उतरवून डब्यात ठेवायची.
काचांना कायम सांबलचा वास.
चोविसाव्या वर्षी
वाडीतली पोरं आम्हाला आजी म्हणायची.

दर जानेवारीत डोळे तपासायचे.
वाचता आलं नाही तर खाली पॅकिंगला, निम्म्या पगारावर.
पुढच्या जानेवारीतही नाही आलं तर पाकीट.
म्हणून रोहायूने तक्ता पाठ केला होता.
लहानपणी मदरशात पाठांतरात पहिली आलेली ती,
तिला आठ ओळी म्हणजे काय.
बसमध्ये माझ्या दंडावर ताल धरून म्हणायची,
ई. एफ पी. टी ओ झेड.
अगदी तळाची, मुंग्यांची ओळसुद्धा,
डी ई एफ पी ओ टी ई सी,
अर्थ नसलेली,
आमचा पगार टिकवणारी.
आम्ही सगळ्या तिच्याकडून शिकलो.
पुष्पवल्ली तर झोपेत बरळायची म्हणे.

त्या वर्षी तक्ता बदलला.
अक्षरं गेली. नुसता एक ई,
कधी उताणा, कधी पालथा, कधी भिंतीकडे तोंड करून.
दात कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं.
मला रांगेतूनच दिसलं.
रोहायू माझ्यापुढे, पांढऱ्या रेघेवर उभी,
पाठ ताठ, हात मागे बांधलेले.
मी खोकले.
तिने सुरुवात केली. ई. एफ पी. टी ओ झेड.
खणखणीत, एकही अडखळ नाही,
शेवटच्या ओळीपर्यंत.

खोलीत फक्त पंखा.
नर्स लोह, जाड भिंगांच्या, केस पिकलेल्या,
त्यांनी आधी तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
मग खिडकीबाहेर, बराच वेळ.
डोळेझाक करणं म्हणजे काय
ते मी तेव्हा पाहिलं, डोळे उघडे ठेवून केलेलं.
"उत्तम," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.
रोहायू जाताना माझ्याकडे बघून हसली.
माझ्याकडे, की माझ्या जरा डावीकडे.

मग माझा नंबर.
मला दिसत होतं. वर. खाली. उजवीकडे.
सातव्या ओळीपर्यंत हात झरझर फिरला.
आठवीला मात्र
सगळे ई मिळून एक राखाडी दोरा झाले
आणि माझा हात हवेतच राहिला,
कुठे वळू ते न कळून.

"सावकाश," नर्स लोह म्हणाल्या.
"मागे रांग आहे. पण सावकाश."